टिळकांना मंडालेला कोणी धाडलं? स्ट्रेचीने नव्हे

१ ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: 'रँडच्या खुनाच्या खटल्यात इंग्रज जज्ज स्ट्रेचीने टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं. बक्षीस म्हणून सरकारने त्याला मुख्य न्यायाधीश केलं.' भावना ठीक, तपशिलाची मात्र पार खिचडी.

मुळात तो खटला खुनाचा नव्हताच. १८९७ सालचा आरोप होता कलम १२४ अ, म्हणजे राजद्रोहाचा, आणि तोही १५ जूनच्या 'केसरी'तल्या मजकुरावरून: 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली ती त्यानंतर, २२ जूनला. त्या खुनासाठी फाशी गेले ते चापेकर.

स्ट्रेचीने दिलेली शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. त्यातूनही टिळक १८९८ च्या सप्टेंबरमध्ये सुटले. सहा वर्षं झाली ती १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात, आणि ती सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर इंग्रज नव्हे, पारशी. गंमत अशी, की १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते हेच दावर! न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तेव्हा जामीन दिला. अकरा वर्षांनी न्यायासनावर बसल्यावर दावरांनी तो नाकारला. हे अडचणीचं पान गाळलं की गोष्ट कशी सुटसुटीत होते.

मग स्ट्रेची निर्दोष? छे. दोषी ठरवलं ते ज्यूरीने, सहा विरुद्ध तीन मतांनी. सहाही युरोपियन, तिघेही हिंदी. पण त्या ज्यूरीला कायदा समजावला स्ट्रेचीने. सरकारबद्दल प्रेम नसणं हीच 'अप्रीती' (राजद्रोहाच्या कलमातला कळीचा शब्द), द्वेष किती तीव्र हे पाहायचं कारण नाही, दंगा झाला की नाही हेही गौण, असं त्याने सांगितलं. इतकी सैल व्याख्या हाती दिल्यावर कुठला टीकाकार सुटणार? राग धरायचा तर यावर धरा.

बक्षिसाचं म्हणाल, तर १८९८ मध्ये तो अलाहाबादला मुख्य न्यायाधीश झाला हे खरं. पण स्वारी सर जॉन स्ट्रेचीचा मुलगा. बाप त्याच वायव्य प्रांताचा (अलाहाबाद ज्यात होतं तो, आजच्या उत्तर प्रदेशातला) लेफ्टनंट गव्हर्नर होऊन गेलेला. अशा घरातल्या माणसाला बढतीसाठी टिळकांचीच गरज होती, हे सिद्ध करायला नुसता तारखांचा क्रम पुरत नाही. पदही त्याला फार लाभलं नाही. १९०१ मध्ये तो वारला.

त्याची व्याख्या मात्र टिकली. १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तिच्यावरच पुन्हा शिक्कामोर्तब केलं.