वेटिंग रूममधली वीस मिनिटे

आज मनस्ताप झाला आहे, म्हणून लिहितो आहे. सकाळच्या व्हिडिओ मीटिंगला आमच्या विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो त्या, वीस मिनिटे वेटिंग रूममध्ये, म्हणजे मीटिंग चालवणारा आत घेईपर्यंत जिथे थांबावे लागते तिथे, अडकून पडल्या, आणि आत त्यांनी तीन आठवडे खपून तयार केलेला अहवाल दुसराच कोणीतरी वाचून दाखवत होता.

झाले होते एवढेच. ऐन वेळी लॅपटॉपचे अपडेट सुरू झाले, म्हणून ताई स्वतःच्या मोबाइलवरून आल्या. संस्थेच्या खात्याने साइन-इन केलेल्यांना थेट आत घेण्याची सोय आमच्याकडे आहे, पण त्या खात्याशिवाय आलेल्या खाजगी फोनला ती लागू होत नाही. होस्टच्या, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याच्या, यादीत ताईंच्या नावाऐवजी फोनच्या मॉडेलचे नाव उमटले. होस्ट स्वतःच स्क्रीन शेअर करण्यात गुंतलेले, होस्टच्या जोडीला को-होस्ट कोणालाच केलेले नाही. मग आत घेण्याचे 'अ‍ॅडमिट' बटण दाबणार कोण?

आत येण्यापूर्वी नाव बदलता येते, ते त्यांनी बदलायला हवे होते, हे मान्य. वेटिंग रूम हवी, हेही मान्य. २०२० साली नको ते लोक परक्यांच्या मीटिंगमध्ये घुसू लागले, तेव्हा झूमने ५ एप्रिलपासून मोफत खात्यांना पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून लावून दिली, ते योग्यच होते. पण दाराला कडी घालायची, तर कडी काढायला दारापाशी कोणीतरी उभे राहायला नको का? मीटिंग बोलावणे म्हणजे कॅलेंडरवर निमंत्रण टाकून मोकळे होणे नव्हे. को-होस्ट आदल्या दिवशीच ठरवावा, पाच मिनिटे आधी येऊन दार उघडावे, आणि अहवाल ज्यांचा आहे त्या आल्या का, एवढे तरी सुरू करण्यापूर्वी पाहावे. यात तांत्रिक असे काय आहे? आयत्या वेळी लिंक बदलून नवी लिंक फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांचा तर मला संताप येतो, कारण त्या ग्रुपवर नसलेला माणूस जुन्या लिंकवर एकटाच थांबून राहतो.

खरे तर रागावण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. मी आतच होतो. सहभागींच्या यादीत ताई नाहीत, हे पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आले होते, आणि 'जरा थांबू या, ताई यायच्या आहेत' एवढे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. फोन सायलेंटवर होता. त्यांचे तीन मिस्ड कॉल मी नंतर पाहिले.

दुपारी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी कोणालाही बोल लावला नाही. म्हणाल्या, "अरे, मी माइक आधीच म्यूट करून ठेवला होता, आत घेतल्यावर मध्येच आवाज नको म्हणून."