बाग उद्घाटनापुरती कशी टिकवावी

वस्तीतल्या मोकळ्या जागेवर बाग करायचीय? मग वस्तीला विचारायच्या भानगडीत पडू नका. गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीत बाग झाली. कुणाला विचारलं नाही म्हणून तर इतकी झटपट झाली.

मुहूर्त ५ जूनचाच, पर्यावरण दिनाचा धरा. सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, पण तेव्हा फोटो कोण छापणार?

आधी सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागता कामा नये.

रोप लावण्याचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या. तीन बाय तीन फुटांचा, तितकाच खोल खड्डा, मुरूम बाहेर, दोन घमेली पोयट्याला एक घमेलं कुजलेलं शेणखत, वर पाव किलो निंबोळी पेंड, हे सगळं पुस्तकी. तुम्ही पहारीनं वीतभर उकरा, मुरूम लागला की थांबा. रोप काळ्या पिशवीसकट ठेवा, म्हणजे मुळं आतल्या आत गोल फिरत बसतील. ब्लॉक सिमेंट लावून थेट बुंध्याला भिडवा. आळ्याला जागाच नाही, म्हणजे टँकरचं पाणी सरळ गटारात. आठवड्याला दोनदा वीस-वीस लिटर पाणी, तेही निदान दोन उन्हाळे, घालायला माणूस नेमू नका. कोनशिलेवर नावं मावेनात एवढी माणसं आहेतच की! रोपं वाळली की म्हणा, "या लोकांना झाडं जगवता येत नाहीत." का बे? चार-चार दिवसांनी नळ येतो त्या घरातली बाई आपला हंडा तुमच्या सप्तपर्णीला ओतेल?

लॉन हवीच. मे महिन्यात चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी पिते. पिऊ द्या. जोडीला कारंजंही.

व्यायामाची लोखंडी यंत्रं भर उन्हात बसवा.

फाटकाला अकरा ते चार कुलूप. जागेवर सावलीचा एखादा जुना कडुनिंब असेल तर तोही कुंपणाच्या आत घ्या.

आमचा घेतलाय. त्याच्याखाली मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसणाऱ्या बायका आता पत्र्याखाली शिजतायत. रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार दुपारी तिथं आडवा व्हायचा, त्यालाही हाकललं. कारंजं कुणी मागितलं होतं तुमच्याकडं? कडुनिंबाखाली कट्टा आणि पाण्याचा एक नळ, एवढंच हवं होतं. लाज वाटू द्या जरा. बुंध्यांभोवतीचे तीन-तीन फूट ब्लॉक उखडा, पिशव्या फाडा, खड्डे मोठे करा, आळी करून वर उसाचं पाचट पसरा. झाडं वाढेपर्यंत शेडनेट ताणा. पाणी घालायला वस्तीतलाच माणूस ठेवा, पगार देऊन, फुकट नाही. आणि ते कुलूप आजच्या आज काढा.