डायनर म्हणजे रेल्वेचा जुना डबा? अहो, थांबा जरा

गेले दोन आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, कारण माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आणि त्यातला एक तर पुण्याच्या मावशीने पाठवला, "तुमच्या इकडचं आहे ना हे, वाच" म्हणून. वर चकचकीत स्टीलच्या डायनरचा (म्हणजे काउंटर आणि स्टुलं असलेलं साधं अमेरिकन खाण्याचं हॉटेल) फोटो, लाल सीटा, निऑनची पाटी, आणि खाली मजकूर असा की अमेरिकेत रेल्वेने भंगारात काढलेल्या डब्यांमधे 1950 च्या सुमारास लोकांनी हॉटेलं काढली तीच ही डायनर, ही शंभर टक्के अस्सल अमेरिकन गोष्ट आहे, तिथे गोरे-काळे, गरीब-श्रीमंत सगळे खांद्याला खांदा लावून जेवायचे, खायला बर्गरशिवाय काही नाही म्हणून शाकाहारी मंडळींनी तिकडे फिरकू नये, आणि आता जी गर्दी दिसते ती नुसती सिनेमा बघून फोटो काढायला येणाऱ्यांची, पाच वर्षांत सगळं बंद होणार. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं काढलीयेत. या राज्याला डायनरची राजधानी म्हणतात आणि माझा इथला पहिला हिवाळा अक्षरशः एका डायनरच्या काउंटरवर गेलाय, त्यामुळे गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेतो.

रेल्वेचा डबा आधी. हे इतकं पसरलंय की अमेरिकन लोकही छातीठोकपणे सांगतात, आणि त्यात सत्याचा कण आहे हे मान्य, कारण घोड्याच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्या तेव्हा काही जुन्या ट्राम स्वस्तात विकत घेऊन लोकांनी त्यात खाणावळी काढल्या होत्या. पण त्या मोजक्याच, आणि बऱ्याचशा कळकटच, त्यामुळे धंद्याचं नाव खराब व्हायचं ते वेगळंच. मूळ कुठे आहे तर घोडागाडीत. 1872 साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस (कादंबरीकार नव्हे, दुसरा) एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर संध्याकाळी गाडी लावायला लागला. का, तर शहरातली हॉटेलं रात्री आठला बंद व्हायची आणि छापखान्यातल्या रात्रपाळीच्या लोकांना उपाशी राहायला लागायचं. तो आत बसायचा, गिऱ्हाईक बाहेर थंडीत उभं. मग 1887 मधे शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमधे सॅम्युएल जोन्सने अशी गाडी आणली की गिऱ्हाईकच आत येऊन उभं राहू शकेल. आपल्याला हे छोटं वाटतं, पण तिकडची जानेवारीतली रात्र अनुभवलेल्याला विचारा.

पुढे नगरपालिकांनी सांगायला सुरुवात केली की सकाळी रस्त्यावरनं गाड्या हलवा, मग मालकांनी एखादा रिकामा प्लॉट धरून गाडी कायमची तिथे टेकवली, आणि इथून कारखाने सुरू झाले. हो, कारखाने! डायनर बांधत नसत, बनवत असत. वूस्टर लंच कार कंपनी 1906 मधे सुरू झाली आणि तिने 651 डायनर बनवले, प्रत्येकाला नंबर, आणि नंबर सुरू कुठून तर 200 पासून (पहिल्याच गिऱ्हाइकाला आपण पहिले आहोत हे कळू नये म्हणून असणार, हा माझा अंदाज, आपणही नवीन बिलबुकाचा पहिला नंबर 1 टाकत नाही). न्यू जर्सीत जेरी ओमाहोनी, कुलमन, फोडेरो, आणि पॅटरसन गावातला सिल्क सिटी असे एकापेक्षा एक. काउंटर, स्टुलं, तवा, चिमणी, फ्रीज सगळं बसवून तयार डायनर ट्रकवरून किंवा मालगाडीतून यायचा, पाणी-गॅस-वीज जोडली की धंदा सुरू, पैसे हप्त्याने. रस्त्यावरून नेता आला पाहिजे म्हणून तो अरुंद, लांबोडका. म्हणजे तो रेल्वेच्या डब्यासारखा दिसतो याचं पहिलं कारण हे की दोघांनाही मापात राहून प्रवास करायचाय. दुसरं कारण मुद्दाम केलेली नक्कल, कारण रेल्वेतली डायनिंग कार म्हणजे तेव्हा ऐट, म्हणून गाडीवाल्यांनी नावही तिथूनच उचललं, आणि 1930 च्या दशकात स्टीलच्या चकाचक वेगवान आगगाड्या आल्या तेव्हा तर स्टर्लिंग स्ट्रीमलायनर नावाचं मॉडेलच निघालं, तोंड अगदी इंजिनासारखं निमुळतं. त्यातला एक, ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटमधला मॉडर्न डायनर, 1978 मधे राष्ट्रीय वारसा यादीत गेला, डायनरमधला पहिलाच. फॉरवर्डमधल्या फोटोसारख्या डायनरला कुणी "जुना डबा" म्हटलं असतं तर ओमाहोनीच्या सेल्समनला झीट आली असती, नवा कोरा माल विकत होता तो.

आता 1950. वरची सालं वाचली असतील तर हा मुद्दा तसाही निकालात निघालाय. पण त्यात एक गंमत आहे. आपण जो "जुना क्लासिक" लूक म्हणतो तो तेव्हाच्या मालकाच्या डोक्यात जुना नव्हताच, त्याला दर दहा-पंधरा वर्षांनी नवीन दिसायचं असायचं, पैसे जमले की जुना डायनर कारखान्याला परत देऊन नवीन मॉडेल घ्यायचा, आपण स्कूटर एक्स्चेंजला देतो तसं, आणि तो जुना मग दुसऱ्या गावात कुणीतरी सेकंडहँड घ्यायचा. 1955 मधे रे क्रॉकने शिकागोजवळ त्याचं पहिलं मॅकडोनाल्ड काढलं, पुढच्या दशकात अशा साखळ्या वाढत गेल्या, तेव्हा डायनरवाल्यांनी काय केलं, तर स्टील झाकलं! विटा, दगडी कमानी, वर कौलारू छप्पर, कारण स्टील म्हणजे मागासलेपणा वाटायला लागला होता आणि कुटुंबवाल्यांना "रेस्टॉरंट" हवं होतं. मग 1980 च्या दशकात चक्र फिरलं. जॉनी रॉकेट्स 1986 मधे लॉस एंजेलिसमधे निघालं आणि तिथून ती पांढरी टोपी, ज्यूकबॉक्स, गुलाबी निऑन अशी "1950 च्या दशकातली" सजावट मॉलमॉलमधून पोचली. म्हणजे फॉरवर्डवाल्या काकांच्या डोळ्यासमोर जो 1950 आहे तो बऱ्याच अंशी 1986 चा आहे.

बायकांबद्दल फॉरवर्डमधे काहीच नाही, पण सांगतोच. सुरुवातीचे डायनर म्हणजे पुरुषांचा अड्डा, स्टूल, धूर, गिरणीतले कामगार. निम्मं गाव बाहेर ठेवून धंदा कसा वाढणार, म्हणून 1920 च्या दशकात कारखान्यांनी टेबलं आणि मग बूथ (समोरासमोर बाकं असलेली टेबलं) टाकायला सुरुवात केली, बाहेर "महिलांचे स्वागत" अशा पाट्या, खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि नावं "मिस अमुक डायनर". व्हरमाँटमधला मिस बेलोज फॉल्स हा वूस्टर कंपनीचाच. आपल्याकडच्या हॉटेलातल्या "फॅमिली रूम"ची आठवण झाली ना?

शंभर टक्के अमेरिकन, हा तिसरा मुद्दा. यावर मी भांडत नाही, फक्त विचारतो की कोणते अमेरिकन? न्यूयॉर्क-न्यू जर्सीतला डायनर म्हणजे कित्येक दशकं ग्रीक मालक. 1965 च्या स्थलांतराच्या कायद्याने देशावार कोटे उठले तेव्हा आणखी आले, पुतण्या आधी भांडी घासणार, मग तव्यावर, मग काकाच्या डायनरमधे भागीदारी, मग स्वतःचा. म्हणून तर मेनूत मीटलोफच्या (खिम्याचा भाजलेला लोफ) शेजारी पालक-चीजचा स्पॅनाकोपिटा असतो आणि मागवला की कुणाला नवल वाटत नाही. आणि तो निळा-पांढरा कागदी कप, वर ग्रीक नक्षी आणि "तुमची सेवा करण्यात आनंद आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, बघितलाच असेल, तो 1963 मधे काढला लेस्ली बक यांनी, चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले ज्यू, ऑशविट्झमधून वाचून आलेले, ग्रीक हॉटेलवाल्यांना कप विकायचे म्हणून ग्रीक नक्षी. किचनमधे आज बघाल तर मेक्सिकोतल्या पुएब्लाकडची मुलं. आता याला अस्सल अमेरिकन म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, मी तर म्हणतोच, पण फॉरवर्डचा सूर तसा नव्हता.

आता खांद्याला खांदा. इथे मला राग आलाय, खरं सांगतो. अरे, कुणाच्या खांद्याला? 1961 सालची गोष्ट. चाड देशाचे राजदूत मालिक सो न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघाले होते, राष्ट्राध्यक्ष केनेडींना अधिकारपत्र द्यायला. वाटेत मेरीलंडमधे रूट 40 या महामार्गावर कॉफी प्यायला थांबले तर डायनरमधे त्यांना कॉफी दिली नाही, काळे म्हणून. अशी प्रकरणं इतकी वाढली होती की परदेशी राजदूतांना असा त्रास होऊ नये यासाठी सरकारला परराष्ट्र खात्यात वेगळा विभाग काढावा लागला होता. आणि त्याच वर्षी बाल्टिमोरच्या 'ॲफ्रो-अमेरिकन' या पेपरच्या तीन वार्ताहरांनी काय डोकं लढवलं बघा, झगे-बिगे घालून "गोबान" नावाच्या देशाचे पाहुणे म्हणून त्याच रस्त्यावर जेवायला निघाले. असा देशच नाही! काही ठिकाणी त्यांना नीट जेवायला वाढलं, म्हणजे बोगस देशाचा पाहुणा चालतो, आपल्याच गावचा काळा माणूस चालत नाही. कायद्याने ही बंदी देशभर उठली ती 1964 मधे. त्याआधी 1936 पासून काळ्या प्रवाशांसाठी ग्रीन बुक नावाची पुस्तिका निघायची, कुठे राहायला-खायला मिळेल याची यादी. कामगार आणि वकील एका काउंटरवर बसायचे हे खरंय, उत्तरेतल्या गिरणीच्या गावांत तर नक्कीच, पण "सगळे" हा शब्द तिथे बसत नाही. मला डायनर आवडतो म्हणून हे झाकून ठेवायचं, हे नाही जमणार.

शाकाहारींचं पटकन उरकतो. ग्रिल्ड चीज, पॅनकेक, ग्रीक सॅलड, तो पालकाचा स्पॅनाकोपिटा, राइस पुडिंग (आपली तांदळाची खीरच, गार आणि वर दालचिनी), अंडं चालत असेल तर ऑम्लेटचे वीस प्रकार, आणि नाश्ता दिवसभर कधीही. उपाशी कुणी मरत नाही. दोनच सूचना: बटाट्याचे होम फ्राइज बऱ्याचदा त्याच तव्यावर होतात जिथे बेकन होतं, आणि न्यू जर्सीतले प्रसिद्ध डिस्को फ्राइज, म्हणजे चीज आणि तपकिरी ग्रेव्ही घातलेले, ती ग्रेव्ही बहुतेक वेळा बीफची असते. आधी विचारा. कडक पाळणाऱ्यांनी तव्याबद्दल तर विचाराच. सॉसेज-बेकनच्या वासानेच त्रास होणाऱ्यांबद्दल मात्र फॉरवर्ड बरोबर आहे, नका फिरकू.

शेवटचा मुद्दा, नुसता सिनेमाचा नॉस्टॅल्जिया. माझ्यापुरतं सांगतो. पहिल्या हिवाळ्यात प्रोजेक्टवर आलो, गाडी नाही, ओळख नाही, रात्री अकराला भारताशी कॉल संपायचा आणि घरी फ्रीजमधे दही आणि ब्रेड. चालत दहा मिनिटांवर डायनर. एकट्या माणसाला रेस्टॉरंटमधे गेलं की "किती जण?" विचारतात आणि एक म्हटल्यावर चेहरा बदलतो, काउंटरवर तो प्रश्नच नाही, स्टूल एकाचंच असतं. समोर तवा, कुकची पाठ, अंडी फोडायचा आवाज, तिसऱ्या दिवशी वेट्रेस बाईंनी न विचारता कप भरला आणि "हनी" म्हणाल्या, त्या सगळ्यांनाच म्हणायच्या हे नंतर कळलं, पण तोवर काम झालं होतं. शेजारी कोण, तर हॉस्पिटलची नर्स, टो ट्रकवाला, पोलीस. सगळी रात्रपाळी! तेव्हा माझ्या डोक्यात वॉल्टर स्कॉट नव्हता, नावही ऐकलं नव्हतं, पण धंदा तोच चालू होता. त्यानंतर कितीतरी वर्षं गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम संपली की आम्ही पंधरा जण रात्री साडेबाराला एका लांब टेबलावर, बिल पंधरा ठिकाणी फोडून मागायचो आणि ते मिळायचं. हे सिनेमात बघून कुणी करत नाही.

बंद पडतायत हे मात्र खरंय, ते मी नाकारत नाही. 2020 नंतर चोवीस तास उघडे असणारे कितीतरी डायनर रात्री नऊ-दहाला बंद व्हायला लागले, माझावालाही, माणसं मिळत नाहीत आणि मालकांच्या मुलांना तव्यासमोर उभं राहायचं नाहीये, ती डॉक्टर-वकील झालीयेत. त्यात डायनर एकमजली आणि भोवती मोठं पार्किंग, बिल्डरला आणखी काय पाहिजे. मॅनहॅटनमधला मूनडान्स डायनर 2007 मधे असाच जागेवरून उठला, तर थेट वायोमिंगमधल्या लाबार्ज नावाच्या चिमुकल्या गावी ट्रकवरून नेला, तिथे काही वर्षं चालला आणि 2012 मधे तिथेही बंद झाला. पाच वर्षांत सगळे जातील का? प्रॉव्हिडन्समधे नगरपालिकेच्या इमारतीशेजारी हेवन ब्रदर्स नावाचा डायनर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲन हेवन नावाच्या विधवा बाईने नवऱ्याच्या विम्याच्या पैशातून गाडी काढली होती, तेव्हा घोडा होता, आता ट्रक आहे. अजूनही संध्याकाळी येतो, लागतो, रात्री उशिरापर्यंत चालतो आणि निघून जातो.

मावशीला हे सगळं पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "बरं. चहा मिळतो का तिथे?" मिळतो मावशी, म्हणजे कपात गरम पाणी आणि बशीत टीबॅग. तू कॉफीच घे.