"जाड टायर म्हणजे जास्त ग्रिप" : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

मागच्या टायरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन विषय मिटवता आला असता. पण ती वाचून उद्या कुणीतरी आपल्या दीडशे सीसीच्या गाडीला 130 चा (म्हणजे 130 मिमी रुंद) टायर चढवून आणेल, म्हणून बसून लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पल्सर 150 सारख्या रोजच्या गाडीला कंपनीचा 100/90-17 (100 मिमी रुंद, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंची) हाच साइज ठेवा, मागे टिकाऊ टायर घ्या आणि वाचलेले पैसे पुढच्या टायरवर घाला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "जाड टायर लावला की ग्रिप वाढते हे शेंबड्या पोरालाही कळतं. 130 टाका आणि ताम्हिणीत फरक बघा. ज्यांना घाटात गाडी वळवता येत नाही ते किलोमीटर मोजत बसतात. लोकांच्या जिवाशी खेळणारा असला चिंगूस सल्ला काढून टाका." शिवाय किमती आणि टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनवर दोन-तीन ओळी.

आधी भाषेचं बोलू. मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती, या लेखाखालीच चार जणांनी वेगळी मतं मांडली आहेत आणि त्यांच्याशी नीट चर्चा झाली आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेत लेखातला एकही आकडा खोडलेला नाही. साइज चुकीचा म्हणालात, का चुकीचा ते लिहिलं नाहीत. त्या जागी "शेंबडं पोर" आहे आणि "चिंगूस" आहे. मी घाटात गाडी कशी चालवतो हे तुम्ही पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्यावरून टायरचं माप ठरत नाही. नाना पेठेत टायर उतरवण्या-चढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुठली गाडी टायर कुठे खाते हे मी हाताने चाचपून शिकलो आहे. त्यावर प्रश्न जरूर विचारा, पण अक्कल काढू नका.

एक गोष्ट मान्य करतो. 100/90-17 मध्ये चांगल्या, मऊ कंपाउंडच्या (म्हणजे रबराच्या मिश्रणाच्या) टायरची निवड कमी आहे आणि 130/70-17 मध्ये ती भरपूर आहे, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दुकानात गेलेल्या माणसाला मोठ्या साइजचा मोह होतो तो त्यामुळेच. पण मोह समजण्यासारखा आहे म्हणून टायर बसत नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. "जाड टायर लावला की ग्रिप वाढते."

टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि आतली हवा. गाडी आणि एकटा चालवणारा मिळून मागच्या चाकावर साधारण 120 किलो येतात असं धरा. हवा 28 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 2 किलो. 120 भागिले 2, साधारण 60 चौरस सेंटिमीटर. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे थोडा फरक पडतो, पण हिशोब हाच. आता त्याच हवेवर रुंद टायर घातलात तर हे 60 चे 80 होत नाहीत. आकार बदलतो: टेकणारी जागा रुंदीला वाढते आणि लांबीला कमी होते. जाडी वाढली म्हणून रबर जादा टेकलं, हे डोळ्यांना वाटतं, रस्त्याला लागत नाही.

मग मोठ्या गाड्यांना रुंद टायर का असतात? ताकद जास्त, त्यामुळे उष्णता जास्त, आणि ती झेलायला रबर जास्त लागतं. शिवाय त्यांच्या रिमही तेवढ्याच रुंद असतात. तुमच्या प्रतिक्रियेत रिमचा उल्लेखच नाही आणि सगळं गाडं तिथेच अडतं.

टायर कंपन्यांच्या तक्त्यांमध्ये 100/90-17 ची प्रमाण रिम अडीच इंच असते, 120/80-17 ची पावणेतीन आणि 130/70-17 ची साडेतीन. तुमची रिम कितीची आहे हे कुणाला विचारायची गरज नाही. चाक ओल्या फडक्याने पुसा, अलॉयच्या दांड्यांवर किंवा रिमच्या आतल्या काठाशी ओतीव अक्षरं सापडतील, "17 × एमटी 2.50" अशा धर्तीची. शेवटचा आकडा म्हणजे रिमची इंचांतली रुंदी. साडेतीन इंचांसाठी बनवलेला टायर अडीचच्या रिमवर चढवला की दोन्ही बीड (रिममध्ये अडकणारे टायरचे काठ) आत ओढले जातात, साइडवॉल बाहेर फुगतात आणि मधला भाग उंच, टोकदार होतो. बाजूने पाहिलंत तर गाडी भारी दिसते. मागे उकिडवं बसून पाहिलंत तर टायरची गोलाई गेलेली दिसेल.

याचे परिणाम एकामागून एक येतात. सरळ चालताना फक्त मधली चिंचोळी पट्टी टेकते, म्हणून मधलं रबर लवकर संपतं आणि टायर सपाट होतो. कडेचं रबर इतकं खाली वळलेलं असतं की गाडी कितीही झुकवली तरी ते रस्त्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे ज्या मऊ कडांसाठी तुम्ही पैसे मोजलेत त्या नव्या कोऱ्याच राहतात. साइडवॉल प्रमाणाबाहेर वाकल्याने वळणात मागची बाजू डुलते. आणि टायर जेवढा रुंद, तेवढा झुकल्यावर टेकण्याचा बिंदू मध्यापासून दूर सरकतो, त्यामुळे त्याच वेगाने तेच वळण घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. ताम्हिणीत तुम्हाला "फरक" जाणवला असेल, यात शंका नाही. जास्त झुकावं लागतंय हा तो फरक.

खात्री करायची असेल तर खडू घ्या. मागच्या टायरवर काठापासून काठापर्यंत आडवी जाड रेघ ओढा, हवा बरोबर भरा, कोरड्या डांबरावर शंभरेक मीटर सरळ चालवा आणि उतरून बघा. जिथली रेघ पुसली गेली तेवढाच टायर काम करतोय. योग्य रिमवरच्या 100 वर आणि आवळलेल्या 130 वर ही चाचणी करून बघा, मग कुठली पट्टी चिंचोळी आहे ते सांगा.

पाण्याचंही तेच. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं, अरुंद टायर ते सहज कापतो. आपल्या रस्त्यांवर पावसात गाडी घसरते ती बहुतेकदा पाण्यावर तरंगून नाही. जूनच्या पहिल्या सरीत धूळ, तेल आणि झिजलेलं रबर यांचा पातळ चिखल होतो, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या आणि ड्रेनेजची झाकणं गुळगुळीत होतात. तिथे कंपाउंड वाचवतं. सिलिका असलेलं रबर थंड, ओल्या रस्त्यावर मऊ राहतं, म्हणून टायर घेताना रुंदीच्या आधी ते विचारा.

बसवण्याच्या अडचणी वेगळ्याच. 130 चा टायर चेनकव्हरला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासतो का, हे गाडी स्टँडवर असताना कळत नाही. डबलसीट बसून खड्ड्यात आपटल्यावर कळतं. चेन सैल झाली की ती ताणायला अक्सल (चाकाचा दांडा) मागे सरकवतात आणि मोकळी जागा बदलते, म्हणून आज न घासणारा टायर दोन महिन्यांनी घासू शकतो. वजन वाढतं, पिकअप मंदावतो, अॅव्हरेज पडतं. घेराचा हिशोबही घरी करता येतो: 17 इंच म्हणजे 431.8 मिमी, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवा. 100/90 चा व्यास 611.8 येतो, 130/70 चा 613.8. हा फरक किरकोळ आहे, ते मी नाकारत नाही. 120/80 चा मात्र 623.8 येतो, म्हणजे सुमारे दोन टक्के मोठा, आणि तेवढं गिअरिंग जड होतं.

आणि कंपनीला हे कळत नव्हतं असं समजू नका. आपल्याच पुण्याच्या बजाजने पल्सर 150 चं ट्विन डिस्क मॉडेल आणलं तेव्हा मागे 120/80-17 दिला. पण त्याबरोबर पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे पाइप) 31 वरून 37 मिमी केले आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) 1320 वरून 1345 मिमीवर नेला. पुढचा टायरही 90/90-17 केला. जाड टायर एकटा आला नाही, गाडी बदलून आला. तुम्ही मात्र लोकांना फक्त टायर बदलायला सांगताय, आणि जिवाशी खेळ मी करतोय असं म्हणताय. हे वाक्य तुम्ही परत घ्याल अशी माझी अपेक्षा आहे.

कारण जिवाचा प्रश्न पुढच्या टायरचा आहे. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं सुटलं तर गाडी हलते, सावरायला क्षणभर तरी मिळतो. पुढचं सुटलं की माणूस खाली. आणि लोक काय करतात? मागे महागडा रुंद टायर, पुढे तोच जुना, कडक झालेला 2.75-17 (इथे रुंदी इंचांत). नक्षी शिल्लक दिसते म्हणून तो वर्षानुवर्षं राहतो, कारण पुढचा टायर मुळात सावकाश झिजतो. त्याच्या साइडवॉलवर अंडाकृती चौकटीत शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा पाच वर्षांचा टायर नखाने दाबा, नख रुतत नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर गेला. मी पैसे पुढे घाला म्हणालो ते यासाठी.

"चिंगूस" या शब्दावर खरं तर उत्तर द्यायचं नव्हतं, पण हिशोब मांडतो. समजा एक टायर 2,200 रुपयांचा आणि 25,000 किमी टिकतो. दुसरा 3,400 चा आणि 15,000 टिकतो. पहिला किलोमीटरला 8.8 पैसे, दुसरा 22.7. वर्षाला 10,000 किमी चालवणाऱ्याला जवळपास 1,390 रुपयांचा फरक. दोन वर्षांत पुढच्या चांगल्या टायरचे पैसे यातून निघतात. हडपसरहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या मुलाला हा हिशोब सांगणं म्हणजे चिंगूसपणा असेल, तर मी तो करत राहीन.

शिवाय टिकाऊ म्हणजे दगडासारखा कडक, असं मी कुठे लिहिलं? ड्युअल कंपाउंड टायरमध्ये मधली पट्टी कडक आणि कडा मऊ असतात, रोजची झीज मधे होते आणि वळणात मऊ रबर मिळतं. कडक टायर म्हणून ज्याला शिव्या बसतात, त्यातल्या कित्येकांमध्ये हवाच 38-40 पीएसआय असते, कारण पंपावरच्या पोराने विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. पल्सर 150 ला पुढे 25, मागे एकट्याला 28, डबलसीटला 32, आणि तीही टायर गार असताना. ग्रिप कमी वाटत असेल तर टायर विकत घेण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

किमतींबद्दल: दुकानागणिक बदलतात, भाव करा. नायट्रोजनबद्दल: साध्या हवेत 78 टक्के तोच आहे, दर आठवड्याला गेज लावा.

एनएस 200 किंवा ड्यूक चालवत असाल तर त्या गाड्यांना कंपनीनेच रुंद रिम आणि रुंद टायर दिले आहेत, त्यांना हा लेख लागू नाही, आणि मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलेलं आहे. तो तुम्ही वाचला नसावा.

लेख मी काढणार नाही. तुम्हाला अजूनही साइज वाढवायचाच असेल तर रिमवरचा रुंदीचा आकडा, साइडवॉलवरचा लोड इंडेक्स (100/90-17 वर बहुधा 55P म्हणजे 218 किलो आणि 150 किमी वेग असं दिसेल, नवा टायर त्याखालचा नको) आणि चेनकव्हरपासून टायरपर्यंतची मोकळी जागा मिलिमीटरमध्ये, चेन नीट ताणलेली असताना मोजून, एवढं खाली लिहा. 110/80-17 बसतो का ते बघून सांगतो. त्याचा व्यास 607.8 येतो, मूळ टायरपेक्षा 4 मिमी कमी, आणि पावणेतीनच्या रिमवर त्याची गोलाई बिघडत नाही.