‘बायकांना पेसमेकर सोसत नाही’ म्हणे!

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार वेळा आला. चार जणांकडून, आणि प्रत्येकाखाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: बायकांचं शरीर पेसमेकर स्वीकारत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय की बायकांना धोका दुप्पट, फायदा होतो तो पुरुषांनाच, मशीन बसलं की बाईला स्वयंपाकघर बंद, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी अर्जुनाच्या सालीचा काढा द्या.

मी नाशिकमध्येच पेसमेकर तपासणीच्या ओपीडीत टेक्निशियन आहे. माणसाच्या छातीवर वांड (आतल्या मशीनशी बोलणारं छोटं उपकरण) ठेवायचा आणि मशीन काय म्हणतंय ते स्क्रीनवर वाचायचं, हा माझा रोजचा उद्योग. गप्प बसवेना.

‘शरीर स्वीकारत नाही’ हे आधी निकालात काढू. स्वीकारणं-नाकारणं हा प्रकार किडनी किंवा यकृत बदललं की येतो, कारण तिथे दुसऱ्याच्या पेशी आत येतात. पेसमेकर म्हणजे मंदावलेल्या हृदयाला वायरमधून विजेचा हलका ठोका देणारी टायटॅनियमची सीलबंद डबी. ती शरीराने झिडकारू नये म्हणून कुणी गोळ्या खात नाही. खिशात (डबी ठेवायला कातडीखाली केलेल्या जागेला आम्ही खिसाच म्हणतो) जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण डेन्मार्कच्या नोंदींत तो पुरुषांमध्ये जास्त आढळलाय.

आता दुप्पट धोक्याचं. हा मुद्दा हवेतून आलेला नाही, म्हणून तर मेसेज एवढा पळतो. अमेरिकेतल्या १,६१,४७० रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००९ साली आला. त्यात मोठी गुंतागुंत बायकांमध्ये २ टक्के, तर पुरुषांमध्ये १.१ टक्के निघाली. म्हणजे जवळजवळ दुप्पट, खरंच. पण हे रुग्ण साध्या पेसमेकरचे नव्हते, हृदयाचा ताल जीवघेणा बिघडला की शॉक देणाऱ्या मशीनचे होते. त्याची वायर जाड, माणसं मुळातच जास्त आजारी. आणि त्या आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांना मोठा त्रास झालाच नाही.

साध्या पेसमेकरमध्येही बायकांचा त्रास थोडा जास्त दिसतो, हेही लपवत नाही. कारणं अंगकाठीत आहेत. ज्या शिरेतून वायर हृदयात जाते ती गळपट्टीच्या हाडाखालची शीर बारीक, फुप्फुसाचं टोक तिला अगदी खेटून, म्हणून सुई चुकली तर फुप्फुसाबाहेर हवा साठते. हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ, म्हणून वायरचं टोक रुतून भोक पडण्याची भीती जास्त. यावर उपाय आहेत: सोनोग्राफीत बघून शीर टोचणं, किंवा छोटा छेद देऊन शीर उघडी करून वायर सरकवणं, वायरचं टोक अगदी तळाशी न ठेवता मधल्या पडद्यावर बसवणं. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच असेल तर ‘शीर कशी टोचणार?’ हे विचारा. ‘बाईमाणसाला चालेल ना?’ हा प्रश्न नव्हे.

‘फायदा पुरुषांनाच’ हे वाचून मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. एका मशीनच्या बाबतीत तर चित्र बरोबर उलटं आहे. तीन वायरवालं मशीन, सीआरटी. हृदयाच्या डाव्या बाजूचं मूळचं वायरिंग, म्हणजे विजेचा संदेश नेणारी वाट, बिघडलं की दोन्ही कप्पे एका तालात आकुंचन पावत नाहीत. हे मशीन त्यांना पुन्हा एका तालावर आणतं. मॅडिट-सीआरटी नावाच्या अभ्यासात १,८२० रुग्ण होते, त्यात बायका जेमतेम पाव. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांमध्ये २८ टक्क्यांनी घटला, बायकांमध्ये ६९ टक्क्यांनी.

कारण मला ईसीजीच्या कागदावर समोर दिसतं. त्या गुलाबी कागदावरचा एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. कप्प्यांच्या आकुंचनाची उभी रेघ साधारण पावणेचार चौकोन, म्हणजे १५० मिलिसेकंद रुंद झाली की सीआरटीचा विचार पक्का होतो. पण बाईचं हृदय लहान. तिची रेघ मुळातच अरुंद असते. पुरुषाच्या छातीत १४० म्हणजे थोडा उशीर, तिच्या छातीत तोच बराच. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन अभ्यासांतले ४,०७६ रुग्ण एकत्र करून तपासले. डाव्या बाजूचा ब्लॉक (म्हणजे वर सांगितलेला डाव्या वायरिंगचा बिघाड) आणि १३० ते १४९ मिलिसेकंद रुंदी असलेल्या बायकांमध्ये तोच धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच रुंदीच्या पुरुषांना ठळक फायदा दिसला नाही. पुरुषांच्या मापाने शिवलेला झब्बा बाईला घालायचा आणि तिलाच बसत नाही म्हणायचं, तसं झालंय हे.

शॉकवाल्या मशीनचं म्हणाल, तर तिथे बायकांविषयीचा पुरावाच तोकडा आहे, कारण मोठ्या अभ्यासांत त्यांना घेतलंच कमी. २००२ च्या मॅडिट-टू मध्ये बायका सोळा टक्के. पुरावा कमी असणं वेगळं, फायदा नसणं वेगळं.

स्वयंपाकघराचं पटकन सांगते. मिक्सर, गॅस, मायक्रोवेव्ह, सगळं चालतं. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहा. मोबाईल ब्लाउजमध्ये खोचू नका. इमिटेशनच्या गळ्यातल्यांना हल्ली लोहचुंबकाचे फासे असतात, ते मशीनवर लोंबू देऊ नका. सुरुवातीचे चार-सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नाही, म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालणं दुसऱ्याकडे. खरा जाच निराळाच असतो आणि तो मेसेजमध्ये नाही: आतल्या कपड्याचा पट्टा आणि पर्सचा बंद नेमके डबीवर घासतात. ऑपरेशनआधीच बोललं तर खिसा थोडा सरकवून करता येतो. बायका लाजतात, आणि डॉक्टर विचारत नाहीत.

काढ्याचं काय? वायरिंग तुटलेल्या घरात कितीही तेल ओतलं तरी बटण दाबून दिवा लागत नाही; तसंच हृदयाचं वायरिंग काढ्याने जोडलं जात नाही.

निफाडकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. दोन वर्षं ‘गळल्यासारखं होतं’ म्हणत होत्या. आधी उपासांवर खापर, मग रक्त कमी, मग वय. ओट्यापाशी दोनदा पडल्यावर कुणीतरी नाडी मोजली. मिनिटाला ३६. उपचाराला उशीर करून बायकांचे निकाल बिघडवणारी ही दोन वर्षं अभ्यासांच्या कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. बूट पॉलिशच्या डबीएवढं यंत्र, काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवलं. डॉक्टर आणि इंजिनिअर दोघेही आधी तयार नव्हते. लार्सनबाईंनी पिच्छा पुरवला म्हणून ते झालं. नवरा पुढे ८६ वर्षांचा होऊन २००१ साली गेला.

मेसेज टाकणाऱ्यांपैकी एका वहिनींचा रात्री फोन आला. सासूबाईंना पेसमेकर सांगितलाय, म्हणून त्या घाबरल्या होत्या. बुधवारी येतायत दोघी. सैल, पुढून बटणांचा ब्लाउज घालून आणा, एवढं सांगून ठेवलंय.