शाम्पू म्हणजे केस धुणं? मुळात नाही

‘पाटण्याच्या दीन महंमदांनी इंग्रजांना शाम्पू दिला आणि त्यांच्या राजांचे केस धुतले’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. शाम्पू मूळचा आपल्या शिकेकाई-रिठ्यातूनच आला, असंही त्यात म्हटलंय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मावशीने टाकला. मावशी, माणूस खरा आहे आणि मोठाही आहे. पण त्यांचं खरं काम यात पार पुसलं गेलंय, म्हणून लिहिते.

आधी शब्द. इंग्रजीत आला तेव्हा शाम्पू हे क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता अंग चेपणं, रगडणं. हिंदीतल्या ‘चाँपना’चं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’, त्यावरून तो आला. दुपारी आडवी झाली की आजी म्हणायची, “जरा पोटऱ्या चेप गं.” मग घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत जायचं. अठराव्या शतकातला इंग्रज यालाच शाम्पू करणं म्हणाला असता. फेसाचा संबंधच नाही.

शब्दही महंमदांनी इंग्रजीत नेलेला नाही. १७६२ साली छापलेल्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात हे क्रियापद आहे. महंमद तेव्हा तीन वर्षांचे होते.

आता राजांचे केस. महंमदांनी लंडनमध्ये १८१० साली काढलेलं हिंदुस्थानी कॉफी हाऊस बुडालं, त्यानंतर ते ब्रायटन या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावी गेले आणि औषधी वाफेचं स्नानगृह चालवू लागले. तिथे रोग्याला फ्लॅनेलच्या तंबूत वाफेत बसवत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. त्यांतून बाहेरून हात घालून त्याचं अंग रगडत. संधिवाताने जखडलेली माणसं तिथे येत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांकडे त्यांचं पद होतं ‘शाम्पू करणारे शल्यवैद्य’. केस धुणाऱ्याला शल्यवैद्य कोण म्हणेल? १८२२ साली त्यांनी शाम्पूवर पुस्तक लिहिलं, तेही दुखण्यांबद्दल आणि ती बरी होण्याबद्दल.

शिकेकाई-रिठ्याचा दावा मात्र अर्धा खरा. आपण त्याने केस धूत आलो, पण त्याला आपलं स्वतःचं क्रियापद आहे, न्हाणं. इंग्रजी शब्द तिथून निघाला नाही.

केस धुण्याचा अर्थ त्या क्रियापदाला चिकटला १८६०च्या सुमारास. डोकं चोळून धुताना शब्द चोळण्यावरून धुण्यावर सरकला आणि तिथून साबणावर गेला. महंमद १८५१ सालीच वारले होते.

मावशी, पुढे पाठवशील तेव्हा ‘केस धुतले’ खोडून ‘अंग रगडलं’ एवढं कर.