भिशीतल्या बायका आणि निफ्टी

परवा आमची भिशी झाली. बारा जणी, महिन्याला पाच-पाच हजार. चिठ्ठी निघाली समोरच्या काकूंची. साठ हजार हातात आणि काकू म्हणतात कशा, "अगं तू ते शेअरचं कायतरी करतीस म्हणं, मला पण सांग की, मी रीलमध्ये बघितलंय, साठचे सहा लाख हुत्यात." म्हटलं काकू, साठचे सहा लाख झालेले मी काही बघितले नाहीत, पण साठचे सतरा झालेले स्वतःच्या डोळ्यानं बघितलेत. सगळ्या हसल्या आणि विषय भेळेत कांदा जास्त झाला का तिकडं गेला. पण घरी आल्यावर ते डोक्यात राहिलंच, म्हणून लिहितेय. मोठं आहे, चहा घेऊन बसा. आणि मी कोणी सल्लागार नाही हां, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या अकाउंटला आहे, जे करून बसले तेवढंच सांगतेय.

तर साठचे सतरा. 2018 चा जानेवारी. आमच्या ह्यांच्या मावसभावानं एक शेअर सांगितला, "वहिनी डोळे झाकून घ्या, दिवाळीपर्यंत डबल." मी खरंच डोळे झाकून घेतला. कंपनी बनवते काय हे सुद्धा घेतल्यावर मोबाईलवर शोधलं. त्या वर्षी छोट्या कंपन्यांचे शेअर जे घसरायला लागले ते घसरतच गेले, मी वाट बघितली, मग अजून थोडे घेतले "ॲव्हरेज" करायला, म्हणजे पडलेल्या भावात घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणायला (हे पण त्याच मावसभावाचं ज्ञान), आणि दीड वर्षानं साठ हजारांचे सतरा हजार घेऊन बाहेर पडले. कंपनीचं नाव घेत नाही, चूक कंपनीची कमी आणि माझी जास्त.

आता मुळात शेअर म्हणजे काय, तर मालकीचा तुकडा. कोल्हापुरात हे वेगळं शिकवायला नको खरं तर. आमच्या बाबांकडं साखर कारखान्याचा शेअर होता, सभासद म्हणून दिवाळीला सवलतीची साखर यायची, निवडणुकीत मत असायचं, लोक घरी येऊन हात जोडायचे. पण सहकारात एक माणूस एक मत, आणि त्या शेअरची किंमत रोज बाजारात ठरत नाही. लिस्टेड कंपनीत, म्हणजे जिचे शेअर बाजारात घेता-विकता येतात तिच्यात, जेवढे शेअर तेवढी मतं, आणि कंपनी पुढच्या दहा-वीस वर्षांत किती कमावेल याचा बाजार रोज अंदाज बांधतो आणि रोज बदलतो. त्यामुळं भाव उड्या मारतो. कंपनी वाढली तर आपला तुकडा वाढतो, मधनंमधनं डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, मिळतो, कंपनी बुडाली तर तुकड्याचा कागद. एवढंच आहे, यात जादू नाही.

प्रश्न हा की कुठली कंपनी वाढणार हे ओळखायचं कुणी. आणि इथं इंडेक्स येतो, म्हणजे बाजारातल्या ठराविक कंपन्यांची यादी आणि त्यांच्या भावांचा मिळून एक आकडा.

बघा, खासबाग मैदानात कुस्ती लागली आणि तुम्ही एकाच पैलवानावर सगळे पैसे लावले तर काय होतं ते सांगायला नको. इंडेक्स फंडात, म्हणजे त्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांत आपले पैसे वाटून लावणाऱ्या फंडात, तुम्ही एका पैलवानावर लावत नाही, अख्ख्या तालमीवर लावता. निफ्टी 50 म्हणजे एनएसई या शेअरबाजारावरच्या मोठमोठ्या 50 कंपन्यांची तालीम, सेन्सेक्स म्हणजे बीएसई या दुसऱ्या शेअरबाजारावरच्या 30 ची. आणि तालमीला वस्ताद असतो तसा इथं नियम असतो, दर सहा महिन्यांनी यादी तपासली जाते, जो मागं पडला तो बाहेर, जो तयार झाला तो आत. 2009 च्या जानेवारीत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा बाहेर आला आणि काही दिवसांतच तिला निफ्टीतनं काढलं, 2020 च्या मार्चमध्ये येस बँक अशीच बाहेर गेली. बाहेर जाईपर्यंत जे नुकसान व्हायचं ते इंडेक्सला पण होतं, पण ते पन्नासातल्या एकाचं. ज्यांचे सगळे पैसे तिथंच होते त्यांना विचारा. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, पन्नास म्हणजे सगळ्यांना सारखे पैसे असं नाही, मोठ्या कंपनीला मोठा वाटा, पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून जास्त पैसे असतात आणि त्यात बँका भरपूर. म्हणजे तालीम असली तरी खुराक सगळ्यांना सारखा नाही.

ही आयडिया अमेरिकेत जॉन बोगल नावाच्या माणसानं 1976 मध्ये सामान्य माणसांसाठी आणली. त्याला 15 कोटी डॉलर जमतील वाटलं होतं, जमले जेमतेम सव्वा कोटीच्या आत, आणि बाकीच्यांनी त्याला बोगलचा वेडेपणा म्हणून नाव ठेवलं. का, तर "सरासरीवर समाधान कोण मानणार?" आमच्या ह्यांचा पण हाच प्रश्न. पण त्या सरासरीच्या पुढं जायला जे हुशार लोक पगार घेऊन बसलेत, त्यांच्यातले मोठ्या कंपन्यांत पैसे लावणारे निम्म्याहून जास्त फंड दहा वर्षांच्या हिशोबात इंडेक्सच्या मागंच राहतात. मग मी, दुपारी जीएसटीचं रिटर्न भरणारी बाई, रात्री मावसभावाच्या मेसेजवर त्यांच्या पुढं जाणार होय?

आणि खर्च. हा मुद्दा मला अकाउंटवाली म्हणून सगळ्यात जास्त टोचतो. समजा महिन्याला 5,000, वीस वर्षं, म्हणजे खिशातनं गेले 12 लाख. वर्षाला 10 टक्के मिळाले असं धरा (धरा म्हणतेय, मिळतीलच असं नाही), तर साधारण 38 लाख होतात. आता त्यातला फक्त एक टक्का दरवर्षी खर्चात गेला आणि हातात 9 टक्के आले, तर होतात साडेतेहतीस लाखांच्या आसपास. एका टक्क्यानं साडेचार लाख खाल्ले! निफ्टीच्या इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅनमधला (म्हणजे मध्ये एजंट न घेता थेट फंड कंपनीकडनं घेतलेला) खर्च 0.2 टक्क्याच्या आसपास असतो, काहींचा त्याहून कमी, आणि एजंटमार्फत घेतलेल्या बऱ्याच रेग्युलर प्लॅनचा दीड-दोन टक्क्यांपर्यंत जातो. डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत, तरी अजून निम्म्या गल्लीला माहीत नाही. एजंट वाईट असतात असं म्हणत नाही, काहीजण पडत्या बाजारात हात धरून बसवतात, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही, पण किती देतोय ते तरी माहीत पाहिजे की नको?

परतावा किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. निफ्टीची सुरुवात धरतात 1995 च्या नोव्हेंबरला, आकडा 1000. ऑगस्ट 2024 ला 25,000 पार झाला. म्हणजे एकोणतीस वर्षांत पंचवीस पट, वर्षाला पावणेबारा टक्क्यांच्या आसपास, डिव्हिडंड वेगळा. ऐकायला लै भारी. पण हा रस्ता सरळ नव्हता. जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 21,000 ला टेकला, त्याच वर्षी ऑक्टोबरात 8,000 च्या खाली जाऊन आला, 2010 च्या नोव्हेंबरात जेमतेम 21,000 ला शिवून परत घसरला, आणि ते ओलांडून पुढं जायला 2013 संपत आलं. पावणेसहा-सहा वर्षं शून्यावर! जपानचं तर विचारूच नका, 1989 च्या डिसेंबरला निक्केईनं, म्हणजे तिथल्या इंडेक्सनं, जो आकडा गाठला तो परत पार व्हायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. म्हणून "लाँग टर्ममध्ये मिळतंच" असं कोणी छातीठोक सांगितलं की मी जरा सरकून बसते. शक्यता चांगली आहे, गॅरंटी नाही. मुलीच्या बारावीचे, पुढच्या वर्षीच्या लग्नाचे, घराच्या स्लॅबचे पैसे इथं नाहीत टाकायचे. सात-दहा वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढेच.

त्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे आणि मेडिक्लेम पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, आमचं काम बंद, पगार लांबला, त्या महिन्यात मला बँकेतल्या साध्या एफडीनं वाचवलं, निफ्टीनं नाही. एफडी पण कुठं ठेवताय ते बघा. बँकेत, सहकारी असली तरी, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आमच्या वडिलांचे तीन लाख एका पतसंस्थेत अडकले ते अडकलेच, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवले होते.

आता माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. तो शेअर विकल्यावर मी निफ्टी इंडेक्स फंडात पाच हजारांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप फंडात, चालू केली होती, शहाणी झाल्यासारखी. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ 13 टक्के पडला. आपल्याकडं पुराच्या दिवसांत माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात ना, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, दर तासाला व्हॉट्सॲपवर, तशी मी ॲप बघत होते. पुरात बघण्यात अर्थ आहे, माणसं-जनावरं हलवायची असतात. बाजारात बघून हलवायचं काय? मी एसआयपी बंद केली. विकणार पण होते, पण पासवर्ड विसरलेला आणि ओटीपी जुन्या नंबरवर जात होता, त्या बंद सिमकार्डाचे माझ्यावर उपकार आहेत. परत चालू केली नोव्हेंबरात, निफ्टी जुन्या उच्चांकाच्या पुढं गेल्यावर. म्हणजे स्वस्तातले सगळे महिने सोडले आणि महागात परत आले. गुजरीत, सराफांकडं, सोन्याचा भाव पडला की आपण बायका धावत जातो, शेअर पडले की पळून जातो, हे काय डोकं आहे आपलं कुणास ठाऊक.

सोन्याला मी नावं ठेवणार नाही, सोन्यानं भल्याभल्यांना मागं टाकलंय. फक्त दागिना म्हणजे गुंतवणूक नाही, घेताना घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी, आणि मोडताना घट. हौस म्हणून करा, मी पण करते.

काकूंसाठी कामाचं. इंडेक्स फंडाला डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) लागत नाही, पॅन, आधार, बँक खातं पुरे, फंड कंपनीच्या साइटवर थेट होतं. नावात "निफ्टी 50 इंडेक्स फंड", मग "डायरेक्ट", मग "ग्रोथ" हे तीन शब्द बघायचे. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, 10 रुपये म्हणजे स्वस्त आणि 200 म्हणजे महाग असं काही नसतं, वाढ टक्क्यातच मोजायची. वर्षभरानंतर विकलं तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, त्यावरच्याला 12.5 टक्के, वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के. स्वतः शेअर निवडायची खाज असेलच (मला आहे अजून), तर शंभरातले दहा रुपये त्यात, आणि कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून, मावसभावाचा मेसेज उघडून नाही.

आणि ते ऑप्शन-बिप्शन, ते रीलमधलं, म्हणजे भाव पुढं वर जाईल का खाली यावर लावलेले पैसे. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये सांगितलंय, फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या सामान्य माणसांपैकी 93 टक्के लोकांनी तीन वर्षांत पैसे घालवले, सगळ्यांचे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. आमच्या शॉपफ्लोरवरचं एक पोरगं त्यात बाईक घालवून बसलंय, आता बसनं येतं.

काकूंना मी सांगितलंय, साठातले चाळीस तसेच एफडीत ठेवा, बाल्कनीचं ग्रील करायचंय ते करा, आणि महिन्याला हजारानं सुरू करू. काकू म्हणाल्या, "आणि पडलं तर?" म्हटलं पडणारच आहे, तेव्हा मला फोन करा, ॲप उघडू नका. पुढची भिशी 10 तारखेला आमच्याकडं आहे, मिसळ करणार आहे, ज्यांना चालू करायचंय त्यांनी येताना पॅनकार्ड आणा आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा, मुलाचा नको, स्वतःचा.